मुठीचा डबा

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ज्वारी निवडणं. शनिवारची दुपार होती. ती ओट्यावर सूप घेऊन बसली होती आणि मी समोर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खडे काढायचे, कणीस राहिलं असेल तर चोळायचं. बोलणं असं काही नव्हतं. मी काढलेले खडे तिला पटत नव्हते, एवढंच.

"अवो, तुमी ज्वारी टाकून खडे ठिवायलेत," ती म्हणाली.

"मग तूच निवड. मला कावून बसवलं?"

"हात रिकामे होते म्हणून."

मी तिसरी शिकलोय, तेव्हा सरळ सांगतो. आमच्या गावात ख्रिस्ती घरं पाचच. पाचही घरांत रीत अशी, की चुलीपाशी जायच्या आधी बाईनं धान्यातली एक मूठ काढून बाजूला ठेवायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. घरात कमी असलं तरी काढायची. या मुठी रविवारी उपासनेला न्यायच्या आणि तिथून ज्याला गरज असेल त्याला जायच्या. माझी आई काढायची, तिच्या सासूनंही काढलेल्या. त्याबद्दल माझी तक्रार कधी नव्हती. माझी तक्रार डबा कुणाच्या घरी जातो, याबद्दल होती.

दिवाळीनंतर आमच्याकडं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मागं म्हातारी माणसं राहतात. ओढ्याच्या पलीकडं मेंढरंवाल्यांच्या घरची एक म्हातारी अशीच मागं राहिली. मेंढरं कधीच विकली, लेक आणि सून कारखान्यावर. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही, रेघाच राहिल्या नाहीत बोटावर, म्हणून दुकानदार परत पाठवतो. हे माझ्या बायकोला कळलं आणि तिनं बायकांच्या बैठकीत ठरवून टाकलं, की लेक येईपर्यंत पाचही घरांच्या मुठी म्हातारीला द्यायच्या. दर शनिवारी मुठी आमच्या घरी जमायच्या, ही निवडायची आणि डबा घेऊन जायची. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते तिला माहीत होतं.

कारण ही तीच म्हातारी. एका दुष्काळात गावात टँकर यायचा. आठ-आठ दिवसांनी यायचा. रांगेत माझ्या बायकोच्या घागरीचा काठ म्हातारीच्या भरलेल्या हंड्याला लागला. तर म्हातारीनं तो अख्खा हंडा, पाण्यानं भरलेला, साऱ्या गावासमोर मातीत पालथा केला. बाटला म्हणून. घसा ओला करायला पाणी नव्हतं त्या दिवसांत, आणि हिनं माझ्या बायकोच्या हातामुळं हंडाभर पाणी ओतून दिलं. मी पुढं झालो तर बायकोनं माझा सदरा मागून धरला. घरी येऊन मी दोन दिवस बोललो नाही. म्हातारीशी नाही, बायकोशी.

आणि आता त्याच म्हातारीला आमच्या मुठी. त्यातही तिचा तोरा बघा. ज्वारी चालते, आमच्या घरची भाकर चालत नाही. शिजलेलं नको, कोरडं द्या.

त्या दुपारी हाच विषय परत निघाला. मीच काढला.

"आपली ज्वारी गोड लागती तिला, आन भाकर कडू?"

"न्हाई खात ती. मग काय करता? उपाशी ठिवता?"

"ठिवावं की थोडं. डोकं ठिकाणावर येईल."

तिनं सूप पाखडलं, कोंडा माझ्या तोंडावर आला. मुद्दाम पाखडला असेल. "भाकर ज्याला चालती त्यालाच द्यायची, असं प्रभूनं सांगितलं का तुमाला? मला तर न्हाई सांगितलं. तुमच्या कानात येगळं सांगितलं आसंल."

"तुझ्या कानात लई बोलतो तो."

"बोलतो. तुमी मधी मधी बोलता म्हणून नीट आयकू येत न्हाई."

असं आमचं चालायचं. पन्नास वर्षं चालत आलेलं. डबा भरला तशी ती उठली आणि परत बसली. पोटऱ्या धरल्या. म्हणाली, "आज गोळे यायलेत पायात. येवढा डबा आज तुमी नेऊन द्या."

मी म्हणालो, "मी न्हाई जायचा तिच्या दारात. मेलो तरी."

तिनं डब्याला झाकण लावलं आणि दाराशी ठेवला, उद्या उपासनेनंतर नेईन म्हणाली. मग जरा पडते म्हणून आत गेली. दिवेलागणीला चहा करायला उठवायला गेलो तर उठली नाही. डॉक्टर म्हणाला हृदय. माझ्या मते थकली होती. डॉक्टरला मशीन कळतं, बाई कळत नाही.

रविवारी दुपारी मातीला दिली. त्या दिवसाचं मी जास्त लिहिणार नाही. पाहुणे भरपूर आले, आष्टीहून, शिरूर कासारहून, आणि प्रत्येकानं मला हेच सांगितलं की बाई लई देवाची होती. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. देवाची होती म्हणजे काय? खोकला यायचा तिला. भांडायची. मीठ जास्त घालायची आणि कबूल करायची नाही. जे तिला दहा वर्षांत भेटले नाहीत ते मला सांगत होते ती कशी होती. उपासना घेणारे पाळकसाहेब बरे माणूस आहेत, त्यांनी लांबण न लावता प्रार्थना केली, त्यांचे उपकार.

शोकाच्या घरात चूल पेटवत नाहीत. मेहुणीनं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीनं, शेजारच्या चुलीवर स्वयंपाक केला. भाकरी आणि पिठलं. मातीवरून आल्यावर मला कुणीतरी ताटावर बसवलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी दीड भाकर खाल्ली. खाताना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी दाराशी चपला शोधत होतो. तिथं डबा दिसला. आडवा पडलेला. उचलला तर हलका.

"यातली ज्वारी कुठाय?" मी मेहुणीला विचारलं.

"दळून आणली की सकाळीच. पाहुणे काय थोडे होते का, दाजी?"

"अगं ती मुठीची होती! पाच घरांची!"

तिचं तोंड उतरलं. तिच्याही घरी मूठ काढतात, तिला सांगायला नको. "मला काय माहीत? दारात डबा, निवडलेली ज्वारी. मला वाटलं ताईनं घरासाठीच निवडली. पोत्यातली निवडायला येळ कुणाला होता?"

"विचारायचं तरी!"

"कुणाला विचारू? जिला विचारायचं ती..." ती रडायला लागली. मग रडता रडता रागानं म्हणाली, "आन तुमीच की दीड भाकर खाल्ली! आता माझ्यावर वरडता!"

म्हातारीच्या वाटची ज्वारी मी खाल्ली होती. बायकोनं शेवटची निवडलेली. खडे माझे, ज्वारी तिची.

पाळकसाहेब अजून ओट्यावर होते. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "बाबा, मनाला लावून घेऊ नका. देव समजून घेतो. एक आठवडा राहू द्या, पुढच्या शनिवारी बायका बघतील."

मला ते फार आवडलं, खोटं कशाला सांगू. देव समजून घेतो, मी घरी बसतो. म्हातारी तरी काय, एक आठवडा शेजारीपाजारी मागून खाईल. पण कोण देईल? तिच्या गल्लीत सगळ्यांच्या दाराला कुलपं आहेत. हे मला माहीत होतं आणि पाळकसाहेबांना नव्हतं, ही माझी अडचण. बायको असती तर वाद घालता आला असता. ती गेली आणि वाद मात्र माझ्यापाशी ठेवून गेली. आता तिच्या बाजूनंही मीच बोलायचं आणि माझ्याही.

सोमवारी सकाळी उठून मी पोतं सोडलं. मेहुणी म्हणाली मी निवडते. मी म्हणालो बस गप. उन्हात बसून निवडली, खडा आणि ज्वारी वेगळी करता करता डोळे पाण्यानं भरले, धूळ होती. आधी मापट्यानं डबा भरला. मग बरं वाटेना, परत पोत्यात ओतला आणि मुठीनं भरला. पाच घरं, सात दिवस, दोन वेळा, म्हणजे सत्तर मुठी. माझी मूठ मोठी, पन्नास मुठींतच डबा काठोकाठ भरला. उरलेल्या तशाच राहू दिल्या.

ओढा ओलांडून गेलो. म्हातारी दारात बसलेली, बायको गेल्याचं तिच्या कानावर आलेलं असणारच. मी डबा तिच्यापुढं ठेवला आणि वळलो.

"थांब," ती म्हणाली. झाकण काढून बघितलं. "ज्वारीच? दळून न्हाई आणली?"

"ती दळून आणायची?"

"मग काय! मला गिरणीपत्तुर चालवतंय का? पीठ आणायची ती. पीठ चालतं मला. पाणी लागलं की मग चालत न्हाई."

गिरणी गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे माझी बायको दर शनिवारी डबा डोक्यावर घेऊन आधी तिकडं, मग परत उलटी इकडं. आणि मला म्हणायची, पायात गोळे येतात. मला राग आला. कुणाचा आला ते सांगता येत नाही.

"ती बसायची हितं घटकाभर," म्हातारी म्हणाली. "मी पाणी द्यायची तिला."

"कशातनं?"

तिनं बाहेरच्या कोनाड्याकडं बोट केलं. तिथं स्टीलचा एक पेला पालथा घातलेला. वेगळा ठेवलेला. "तिचा हाय तो. दुसऱ्या कुणाला देत न्हाई. तू पितोस का?"

"तहान न्हाई," मी म्हणालो. असती तरी त्यातून प्यालो नसतो. बायको प्यायली असेल. ते तिला जमायचं.

डबा उचलला आणि गिरणीवर गेलो. बायकांच्या रांगेत उभा राहिलो, कुणी हसलं नाही. तासाभरानं गरम डबा पोटाशी धरून परत ओढ्यापलीकडं गेलो. म्हातारीनं चिमूटभर पीठ काढलं, बोटांत चोळलं.

"जाड दळलंय," ती म्हणाली.

"पुढच्या शनवारी बारीक आणतो," असं माझ्या तोंडून गेलं, आणि घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होतो.