कादंबरीत मंगल कुठून आणू?

रविवारी माझा घसा पार बसला... आणि त्याला जबाबदार आहेत आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि एक आधुनिक मराठी कादंबरी.

मी तंजावरात एम.ए. इंग्लिश करते. सोमवारी भारतीय साहित्यावर सेमिनार होता आणि मोठ्या तोऱ्यात मी आपल्या मातृभाषेतली कादंबरी निवडली होती. आम्ही पिढ्यानपिढ्या इथलेच, घरी जुन्या वळणाचं मराठी बोलतो, पण देवनागरी मी आत्ता कुठे यूट्यूबवर शिकले. अक्षरं मला येतात, अर्थ अप्पांना... म्हणून मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी ऐकायचं.

इथंच फसले. अप्पांनी आयुष्यभर ऐकलंय ते रामायणाचं पारायण. त्यात दुःखाच्या जागी थांबायचं नसतं, पुढे काही शुभ घडलं की मगच पुस्तक मिटायचं. नायकाची नोकरी गेली तिथं मी पाणी प्यायला थांबले, तर म्हणाले, "अय्यो, तेथें थांबूं नको! मंगल येऊं दे."

आता असल्या कादंबरीत मंगल कुठून आणू? नायक खाटेवर पडून छताकडे बघतो. मित्र सोडून जातो, प्रेयसी दुसऱ्याशी लग्न करते, हा आपला बघतोच आहे... आणि मी वाचतेच आहे! अम्मानं तर समाप्तीच्या प्रसादाला हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली उसळ, शिजत घातलं.

शेवटी नायक दिवा मालवतो आणि कादंबरी संपते. बस्स! मला ओ की ठो कळलं नव्हतं, उद्या वर्गासमोर काय बोलणार म्हणून रडू यायचंच बाकी होतं. आणि अप्पा म्हणतात, "पहिलें पान परत वाच." पारायण संपलं की सुरुवातीचं थोडं पुन्हा वाचायची आमच्याकडे पद्धत आहे.

चिडून वाचलं. पहिल्याच पानावर आई त्याला जेवायला हाक मारते आणि तो ओ देत नाही. सकाळी ही ओळ मी अडखळत कशीबशी पार केली होती.

"पुढें त्यास कोणी हाक मारली?" अप्पांनी विचारलं.

मी भराभर पानं उलटली... कोणीच नाही. अख्ख्या कादंबरीत त्याला परत कोणीही हाक मारत नाही. जे मंगल मी दिवसभर शोधत होते, ते पहिल्या पानावर होतं... आणि उद्या वर्गात बोलायचा मुद्दाही.

थँक्यू अप्पा... पण पुढची कादंबरी मी मनातल्या मनात वाचणार आहे!

तेवढ्यात आतून अम्मानं जेवायला हाक मारली. एरवी मी "येते गं" म्हणून मोबाइल बघत बसते... त्या दिवशी पहिल्या हाकेला उठले.