विनयाताईंचं वाण

लखनौच्या मराठी मंडळातल्या बायका विनयाताई गरुडांना पाठीमागे 'बाहुलीवाल्या काकू' म्हणत. म्हणणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? पण विनयाताईंनी जन्मात एकही बाहुली केली नव्हती. त्या घर करत होत्या, आणि त्या घरात त्यांना माणूस कुणी नकोच होतं.

जानकीपुरममधल्या त्यांच्या बंगल्यात गच्चीलगत एक लहान खोली होती. तिथल्या टेबलावर हे घर सहा वर्षं उभं राहत होतं. माप ठरलेलं, खऱ्या घराचा एक फूट म्हणजे इथला एक इंच. आइस्क्रीमच्या काड्यांचं छत, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या चंदेरी पत्र्याचे डबे, चौकातल्या जरदोजीच्या कारागिराकडून मागून आणलेल्या तारेच्या झोपाळ्याच्या कड्या. खलबत्ता हरभऱ्याएवढा, पण चिमट्याने बत्ता उचलता यायचा. किसणीला सुईने भोकं पाडताना चार किसण्या फाटल्या, तेव्हा पाचवी जमली. स्वयंपाकघर तेवढं पुरं झालं होतं, भांड्यांची मांडणी खच्चून भरलेली. बाकीच्या खोल्या उन्हाळ्यापर्यंत होणार होत्या.

हे घर कराडचं होतं. तिथे वडिलांनी लेकीच्या नावावर एक प्लॉट ठेवला होता, आणि नवरा निवृत्त झाला की त्यावर घर बांधायचं असं विनयाताईंनी लग्नापासून धरून ठेवलं होतं. नवरा नरेंद्रराव औषधांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे विसरू न देणारा. आता तिकडे कोण जाणार, असं म्हणून त्यांनी प्लॉट विकला आणि जानकीपुरमला बंगला बांधला. सही विनयाताईंनीच केली होती, कागद न वाचता. त्यावरून राग त्यांना नवऱ्याचा आला त्याहून जास्त स्वतःचा आला. जमिनीवर झालं नाही ते मग टेबलावर सुरू झालं. पुरं झालं की मांडीवर घेऊन कराडला न्यायचं आणि धाकट्या भावाकडे, श्रीरंगकडे ठेवायचं, असं ठरलं होतं. घर निदान गावाला तरी पोचलं असतं. नरेंद्रराव त्याला भातुकली म्हणत, आणि एक खोली फुकट अडली म्हणून कुरकुरत.

या जानेवारीत मुलाची, सत्यजितची, लग्नानंतरची पहिली संक्रांत आली. सून सुरुची लखनौचीच, विकास नगरातली. मुलगी गोड, मराठी समजायचं, बोलायची हिंदी. सुनेची पहिली संक्रांत म्हणजे हळदीकुंकू तिच्याच हातून व्हायचं. हलव्याचे दागिने घालून ती बैठकीत बसली. येणाऱ्या सवाष्णीला हळदीकुंकू, तिळगूळ आणि काहीतरी लहानसं वाण ती देणार होती. विनयाताईंनी वाणाला स्टीलचे चमचे आणून ठेवले होते. स्वतः त्या आत मसाला दूध आटवत होत्या. बाहेर इतका कोहरा होता की फाटक दिसत नव्हतं.

पेले घेऊन त्या बैठकीत आल्या तेव्हा पंचवीस-तीस बायका जमल्या होत्या आणि सगळ्या आपापल्या तळहाताकडे बघत होत्या. एकीच्या तळहातावर खलबत्ता होता. दुसरीने किसणी दिव्याकडे धरून भोकं मोजायला घेतली होती. तिसरीने पोळपाट आपल्या मुलीला दिला होता आणि मुलीने तो तोंडात घातला होता. सुरुचीपुढच्या ताटात दोन डबे आणि एक पळी उरली होती.

विनयाताई ट्रे घेऊन सुरुचीपाशी गेल्या.

"मम्मी, सबको कितना पसंद आया," सुरुची हसत म्हणाली. "पापा बोले, चम्मच क्या देना, मम्मी ने ये सब इसीलिए तो बनाया है. आपसे पूछ लिया था ना उन्होंने?"

नरेंद्रराव दारातच उभे होते. त्यांनी बायकोकडे बघितलं नाही, मंडळातल्या एका विंग कमांडरांच्या बायकोकडे बघितलं. ती कौतुकाने मान डोलवत होती.

हळदीकुंकू लावून हातात ठेवलेलं वाण परत मागत नाहीत. ते लुटायचंच असतं, शब्दच तो आहे. आणि सुनेच्या पहिल्या संक्रांतीला, भरल्या घरात, सासूने डोळ्यांतून पाणी काढायचं? विनयाताई म्हणाल्या, "हो, विचारलं होतं," आणि एकेकीला पेला देत गेल्या. पोरीची त्यात चूक काही नव्हती, हे त्यांना कळत होतं. कळत होतं म्हणूनच राग ठेवायला जागा उरली नव्हती.

सगळ्यांत शेवटी मुक्ता आली. हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याची ही नुकतीच लग्न झालेली बायको, कोहऱ्यात रस्ता चुकून उशीर झालेला. सुरुचीने कुंकू लावलं आणि बघते तो ताट रिकामं. नरेंद्ररावांनी दारातूनच विचारलं, "अगं, संपलं का सगळं?"

"नाही," विनयाताई म्हणाल्या. "अजून आहे."

त्या वर गेल्या. खाली उतरताना त्यांच्या दोन्ही हातांत ते अख्खं घर होतं, झोपाळ्यासकट. बायका बाजूला सरकल्या. विनयाताईंनी ते मुक्ताच्या ओटीत ठेवलं.

"काकू, हे कसं घेऊ मी?"

"घे. सवाष्णीला रिकाम्या हाती पाठवत नाहीत. आत काही नाहीये, हलकं आहे."

हे त्यांनी मुक्तासाठी केलं नव्हतं. नवऱ्याच्या तोंडाकडे बघत केलं होतं. आपण काय केलं ते त्या तोंडावर एकदा तरी उमटेल, तो एकदा तरी म्हणेल, अगं ते नको देऊस, एवढीच आशा होती. सहा वर्षांची मेहनत त्यांनी त्या आशेवर पणाला लावली. मुक्ताला गाडीत बसवायला नरेंद्रराव स्वतः गेले आणि डिक्कीत घर नीट मावेना तेव्हा त्यांनीच ते आडवं केलं.

आत येऊन त्यांनी हात चोळले. चेहरा प्रसन्न होता.

"बरं केलंस," ते म्हणाले. "मी म्हणणारच होतो. आता माझं कंप्युटरचं टेबल वर बसेल."

विनयाताईंनी पेले गोळा केले. एका पेल्याच्या तळाशी, दुधाच्या साईत, किसणी चिकटली होती. कुणीतरी ती विसरून गेलं होतं.

त्यांनी ती काढली नाही. नळ सोडला आणि पेला तसाच विसळला.