गाडीतून पाहिलेली श्रीलंका

सोनगीरचा किल्ला पाहिलाय का, असं आमच्या भागात कोणालाही विचारा, हो म्हणेल. चढलात का, हे मात्र विचारू नये. महामार्गावरून जाताना तो एसटीच्या खिडकीतून आपोआप दिसतो, आणि जे आपोआप दिसतं त्यासाठी घाम गाळणं आम्हाला निव्वळ उधळपट्टी वाटते. पर्यटनाची ही रीत आम्ही कंपनीच्या खर्चानं श्रीलंकेतही नेली.

आम्ही तिघं होतो. मी जळगावच्या एका ठिबक सिंचनाच्या कंपनीत आहे. शेतात संच कसा बसवायचा, कसा चालवायचा ते शिकवतो. माझे साहेब मी शिकवत असताना फोटो काढतात आणि वर पाठवतात. तिसरे दोंडाईचाचे एक मोठे डीलर, ज्यांना कंपनीत लहानथोर सगळेच भाऊ म्हणतात. विक्रीत पहिले आले म्हणून त्यांना बक्षीस म्हणून आणलं होतं. आठवडाभर दांबुल्लाच्या आसपासच्या शेतांवर तिथल्या तंत्रज्ञांना शिकवलं आणि शेवटी एक रविवार मोकळा मिळाला.

त्या रविवारी मला एकच गोष्ट करायची होती. आमचं घर बौद्ध, भडगावचं. मायचे गुडघे गेलेत. गयेला जायचं ती वर्षानुवर्षं म्हणत राहिली आणि ते राहूनच गेलं. गयेच्या बोधिवृक्षाची फांदी एका राजाच्या लेकीनं लंकेत नेली आणि त्या फांदीचं झाड अनुराधापूरला अजून उभं आहे, हे तिला विहारात ऐकून ऐकून पाठ झालेलं. निघताना ती म्हणाली होती, झाड फोनमध्ये दाखव, पण उजेडात दाखव, अंधारात मला काही कळत नाही. त्या रविवारी तिनं गल्लीतल्या बायकांना पांढरी लुगडी नेसायला लावून दुपारपासूनच घरात आणून बसवलं होतं.

साहेबांनी नाश्त्यालाच कार्यक्रम सांगून टाकला. आधी सिगिरिया, मग मसाल्याची बाग, मग रत्नांचं दुकान, आणि वेळ उरला तर तुमचं ते झाड. साहेब माणूस वाईट नाही. दसऱ्याला आठवणीनं सोनं देतात, बढतीच्या वेळी माझं नाव पुढे करतात. फक्त जयंतीची मिरवणूक असो, विहाराचा कार्यक्रम असो, त्यांच्या तोंडी ते कायम ‘तुमचं’ असतं.

सिगिरियाचा कातळ सपाट रानातून एकदम वर उठलेला, त्यावर कधीकाळी राजाचा महाल होता म्हणे. तो गाडीतूनच इतका स्वच्छ दिसला की भाऊंनी उतरायलाच नकार दिला.

“दखाई गया ना, मंग चढीसन काय करनं शे?”

साहेबांनी कातळाकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढून घेतला, ग्रुपवर टाकला, आणि सिगिरिया संपलं. मसाल्याच्या बागेत भाऊंनी दालचिनी हुंगली, आपल्या बाजारातली जास्त झणझणीत असते असा निकाल दिला. मग जेवायला थांबलो तिथे भाऊंनी घरून आणलेली शेव पिशवीतून काढून हॉटेलच्या आचाऱ्याला शेवभाजी शिकवायला घेतली. आचारी बिचारा नारळाचं दूध घालायला निघाला, तेव्हा भाऊंनी त्याचा हात धरला. त्यात दुपार झाली. रत्नांच्या दुकानात साहेबांनी वहिनींना व्हिडिओ कॉल लावून एकेक नीलम उलटसुलट करून दाखवला. वहिनींना रंग पसंत पडेना. माझ्या खिशात मायचा फोन वाजत होता आणि मी तो कापत होतो, कारण दाखवायला माझ्याकडे नीलमाशिवाय काही नव्हतं.

शेवटी एकदाची गाडी अनुराधापूरच्या रस्त्याला लागली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. तोच भाऊंना केळीचा मळा दिसला. केळी दिसली आणि जळगाव-धुळ्याची गाडी थांबली नाही, असं अजून व्हायचं आहे. खोडांजवळ कुठे डबकी, कुठे खडखडीत कोरडं. भाऊ उतरून थेट बांधावर. मी त्यांना परत आणायला म्हणून गेलो आणि पाहतो तर त्या शेतकऱ्यानं संचाचा फिल्टर काढून बाजूला ठेवलेला, पाणी जोरात यावं म्हणून. सगळ्या नळ्या गाळानं तुंबल्या होत्या. आमच्याकडे तालुक्यागणिक हा माणूस मला भेटतो. समुद्र ओलांडून आलो तर इथेही हा हजर. मी चिडलो, आणि चिडलो की माझा हात थांबत नाही. बाही वर करून फिल्टर बसवला, नळ्यांची टोकं उघडून त्या धुऊन काढल्या. ड्रायव्हर मध्ये उभा राहून माझ्या शिव्यांचं सभ्य भाषांतर करत होता. शेतकऱ्यानं आम्हाला सरकारी तपासणीवाले समजून शहाळी फोडली. शहाळं पिऊन लगेच उठणं आमच्यात बसत नाही, म्हणून आम्ही आणखी बसलो. ऊन उतरलं तेव्हा मला मायची आठवण झाली. म्हणजे त्या उशिरात माझाही वाटा होताच.

अनुराधापूर आलं तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर पिवळं ऊन उरलं होतं. रस्त्यावरून एक भलामोठा पांढरा स्तूप दिसला. साहेब म्हणाले, दिसलं ना, इथूनच फोटो घे, उद्या विमान आहे. नोकरीत मी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं.

“तुम्ही बसा गाडीत. मी उतरतो,” मी म्हणालो.

आवाज थोडा चढलाच. भाऊ चपला काढायला लागले. एकटं गाडीत बसणं बरं दिसेना म्हणून साहेबही आले.

झाडाच्या आवाराच्या दाराशी पांढऱ्या कपड्यातले एक म्हातारे गृहस्थ रांग लावत होते. त्यांनी कुठले विचारलं. मी म्हणालो, इंडिया. हिंदू का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बौद्ध. आमच्याकडे हे उत्तर दिलं की समोरचा जरासा थांबतो, त्याला काय कळायचं ते कळतं आणि तो विषय बदलतो. मी त्या थांबण्याची वाट पाहिली. म्हाताऱ्यांनी मात्र हात जोडले आणि वाकले. बुद्धाच्या देशातून आलेला बौद्ध, असं आजूबाजूच्यांना सांगत मला हाताला धरून पुढे नेलं. मला तिथेच रडू फुटलं. मागून साहेब इंग्रजीत सांगत होते, आम्ही तिघंही त्याच देशातले, आम्ही सगळे एकच. त्यांनाही पुढे घेतलं. ओंजळीत कमळ देऊन झाडाच्या कठड्यापाशी उभं केलं, आणि साहेबांनी मनापासून डोळे मिटले, हे मी पाहिलं.

मी फोन लावला. सोनेरी कठड्यामागे टेकू देऊन जपलेल्या त्या फांद्या, त्यांवर शेवटचं ऊन. पलीकडे भडगावच्या बायकांनी हात जोडले. माय फोनच्या अगदी जवळ सरकली. मी म्हटलं, दिसतंय का? ती म्हणाली, दिसतंय, हलवू नको. मग तिला माझ्याशेजारी कमळ घेऊन उभे असलेले साहेब दिसले. तिनं विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझे साहेब. तिचा चेहरा फुलला.

“मंग आते तरी त्या आपला घर चहा पेवाले येतीन ना?”

भडगावात दर हंगामात साहेबांची गाडी येते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मला सोडतात, माय दारात उभी असते, आणि साहेबांना नेमकी घाई असते. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे विचारायची गरजच पडली नाही. साहेबांनी डोळे उघडले, फोनकडे पाहून हसले, आणि म्हणाले, “येऊ ना. त्या बाजूला आलो की बघू.”