ग्रीन बिनमधली दूर्वा

माझी दूर्वा मी ग्रीन बिनमध्ये, ओल्या कचऱ्याच्या डब्यात, पडलेली बघितली. लिंबाच्या साली आणि ओल्या टी-बॅग्जच्या वर. एकवीस काड्यांची जुडी, लाल दोरा बांधलेला तसाच. आणि बाहेर हॉलमध्ये गणपतीच्या डोक्यावर बॅकयार्डमधलं रानगवत होतं.

कॅनडातलं हॅमिल्टन. २०१८ सालचा गणपती. मी तिथे युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्रात पीएचडी करत होते. गवत हा माझा विषय. लोकांना वाटतं गवताला फूल नसतं. असतं. पाकळ्या नाहीत, रंग नाही, वास नाही, म्हणून कुणी त्याला फूल म्हणत नाही एवढंच. भिंगाखाली धरलं की पुंकेसर दिसतात, पिसासारखे स्त्रीकेसर दिसतात. सगळं जिथल्या तिथे.

ते घर काकूंचं. आमची ओळख ग्रोसरीत झालेली. मी कोथिंबीर निवडत फोनवर आईशी बोलत होते, मागून आवाज आला, "अय्या, मराठी?" काका निवृत्त डॉक्टर, चाळीसेक वर्षांपूर्वी आलेले. दोघांची मुलं दूर. मला दर रविवारी जेवायला बोलवायचे. त्या शहरात माझं मराठी बोलायचं तेवढं एकच घर. बाकी सहा दिवस लॅब आणि बेसमेंटमधली खोली. तिथे स्वतःचाच आवाज ऐकून दचकायला व्हायचं. आडनाव त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, भीत होते.

आदल्या वर्षीच्या गणपतीला मी त्यांची दूर्वा बघितली आणि राहवलं नाही. म्हणाले, "काकू, ही दूर्वा नाही." दाखवलंही. पान काडीपासून सुटतं त्या सांध्यात दूर्वेला बारीक केसांची झालर असते. यांच्या गवताला तिथे पातळ पापुद्रा होता. काका पोट धरून हसले. "म्हणजे तीस वर्षं बाप्पाला फसवलं की आम्ही!" काकू म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी तूच आण. एक्स्पर्ट आहेस ना घरची."

घरची म्हणाल्या. तेवढ्यावर मी वर्ष काढलं.

इथल्या थंडीत दूर्वा जगत नाही. गरम मुलखातल्या लॉनसाठी विकतात ते बी मी मागवलं. खिडकीत कुंड्या, वर दिवा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "हरळी? ईकत घिऊन लावतीस? आगं, माझा जलम गेला ती उपटण्यात." खरंच होतं. दुसऱ्यांच्या रानात खुरपणीला जायची ती. गणपतीच्या दिवसांत मालकाच्या घरी दूर्वाही तीच खुडून न्यायची. पायरीवर ठेवायची. घरातले लोक वर पाणी शिंपडून मगच ती आत घ्यायचे.

पूजेच्या दिवशी काकूंची बहीण पुण्याहून आलेली. मी जुडी ताटात ठेवली. बहीण म्हणाली, "किती छान! कुठल्या गं तुम्ही?" जिल्हा सांगितला. "गाव?" गाव सांगितलं. "तिथे कुठे घर?" मी विद्यार्थ्यांना झाड ओळखायला असंच शिकवते. शिरा समांतर की जाळीदार? पाकळ्या तीनच्या पटीत की पाचच्या? एकेक प्रश्न, दोनच वाटा, शेवटी कुळ हाती लागतं. बाई माझं कुळ शोधत होती. शेवटचा प्रश्न आला. "आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा," ती म्हणाली. मग काकूंना आत बोलावलं.

आयपॅडवर पूजा लागली. दूर्वा वाहायची वेळ आली तेव्हा काकू बॅकयार्डमध्ये जाऊन आल्या. मूठभर गवत घेऊन. मला वाटलं, माझी जुडी शेवटी वाहतील. आरती झाली. पाण्याचा ग्लास ठेवायला किचनमध्ये गेले तर ग्रीन बिन उघडं.

काकू मागे उभ्या होत्या. "अगं, आम्ही जातबीत नाही गं मानत. पण ताईचं सोवळं असतं. आणि देवाचं आहे." मग आवाज खाली आणून, "पुढच्या वेळी नुसतं पहिलं नाव सांग ना. इथे कोण आडनाव विचारतंय?"

काका दारात होते. फोनमध्ये बघत.

सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात. हा पीळ तर विमानात बसून आला होता. माझ्या आईच्या हातचं निदान पाणी शिंपडून घ्यायचे. इथे पाणीही नाही.

रडू आलं. तशीच बोलले. "काकू, ते गवत दूर्वा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी वाहिलंत. माझ्या हातचं खरं नको म्हणून."

"हळू बोल," काकू म्हणाल्या.

"नाही."

बिनमध्ये हात घातला. जुडी काढली, झटकली आणि कोट घेऊन निघाले. बसमध्ये हाताला लिंबाचा वास येत होता.

ती जुडी मी वर्तमानपत्रात दाबून वाळवली. कागदावर चिकटवली. वनस्पतिसंग्रहालयाची रीत आहे, नमुन्याखाली चिठ्ठी लागते. शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव. गोळा करणाऱ्याच्या नावाशिवाय आमच्याकडे नमुना घेत नाहीत. मी माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं. स्थानिक नावापुढे लिहिलं, हरळी.

आठवड्याने काकूंचा मेसेज आला. "मोदक ठेवलेत तुझ्यासाठी. झालं गेलं विसर." मला जायचं होतं. फार जायचं होतं. उत्तरात पूर्ण नाव टाइप केलं आणि खाली लिहिलं, या नावाने बोलावलंत तर येईन.

बोलावणं आलं नाही. त्या हिवाळ्यात आईच्या फोनखेरीज मराठीचा एक शब्द माझ्या कानावर पडला नाही. रविवार सगळ्यात लांब असायचा.

आता कुणी मराठी माणूस भेटला की मी आधीच पूर्ण नाव सांगते. तो विचारायच्या आत. त्याला पुढे बोलायचं तर बोलेल, नाहीतर जाईल. एकटी जेवेन. नाव कापून कुणाच्या पंगतीला बसणार नाही.