आईच्या हातावरचं दुसरं नाव

आमच्याकडे पुरुष आपल्या हातावर आपलंच नाव गोंदून घेतात. बायका नवऱ्याचं गोंदून घेतात. म्हणजे एका घरात एकच नाव दोन हातांवर असतं आणि बाईचं नाव कुठेच नसतं. जानेफळात वाढले, हे हात रोज पाहिले, तरी ही गोष्ट लक्षात यायला मला चोवीस वर्षं लागली. तेव्हा पहिला राग मला माझाच आला.

कारण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा शेती सांभाळून पत्रकं काढायचे. हुंडा, नवस, अंगात येणं, लग्नातली उधळपट्टी, काही सोडलं नाही. मेहकरच्या छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि मी बाराखडीनंतर थेट तेच वाचायला लागले. एक अजून पाठ आहे : ‘पत्नीला मान द्या. तिला “अवं” म्हणून बोलावू नका, नावाने हाक मारा.’ बाबा ते पाळायचेही. बाजारात, चार माणसांत, आईला नावानं हाक मारायचे. लोक वळून बघायचे आणि माझी मान ताठ व्हायची.

ते नाव आईचं नव्हतंच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं ते नाव, बाबांनी निवडलेलं. तिचं जन्माचं नाव मला कळलं मागच्या वर्षी, ट्रंकेच्या तळाशी तिचा शाळेचा दाखला सापडला तेव्हा. मामाकडे तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात, त्यामुळे तिथंही ते कधी कानावर पडलं नव्हतं. दाखला हातात धरून मी विचारलं, “ही कोण?” आई भाकरी थापत होती. म्हणाली, “मीच हाय थे.”

मी ठरवलं, हे नाव माझ्या हातावर गोंदून घ्यायचं, आणि असं की मी म्हातारी झाले तरी कोणालाही वाचता आलं पाहिजे.

मेहकरला मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत एक टॅटूवाला बसतो. तिशीचा, शांत माणूस. आई माझ्यासोबत आली होती, सुई नवी काढतो की नाही ते बघायला. मी घरून कागद लिहून नेला होता. वर नाव आणि खाली, बाईच्या नावाची चोरी कशी होते त्याबद्दल, अकरा शब्दांची एक ओळ. त्यानं कागद वाचला, मग माझं मनगट बघितलं.

“ताई, हा हात हाय का पत्रक?”

मला झोंबलं. पण त्यानं जे समजावून सांगितलं त्यात चूक काढायला जागा नव्हती. शाई कातडीत बसली की वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरत जाते. बारीक अक्षराचं पोट भरून जातं, मग ‘ब’ आणि ‘व’ सारखेच दिसतात. अनुस्वाराचा तीळ होतो. मनगटाच्या घडीवर रेघ टिकत नाही. उन्हात राहणारी बाजू लवकर फिकी पडते. आणि कातडी सैल झाली की लांब शिरोरेघ लाटेसारखी होते, म्हणून ती अक्षराअक्षराला तोडलेली बरी. “शब्द कमी, अक्षर मोठं, मधात मोकळी जागा,” तो म्हणाला. “आज थोडं रिकामं दिसन. वीस सालानं बरोब्बर दिसन.”

मग त्यानं आईकडे पाहिलं. “मावशी, जरा हात दाखवता का? हिले समजन.”

आईनं डावा हात पुढे केला. कोपराखाली हिरवट डाग, कधीकाळी चार अक्षरं होती तिथे. त्यानं अंगठ्यानं कातडी ताणली, दिव्याखाली धरली, डोळे बारीक केले.

“पहिलं ‘म’ हाय का ‘भ’? नाही लागत मावशी.”

“नवऱ्याचं नाव हाय,” आई म्हणाली. “नाही लागत तं नाही लागत. माह्यं काही अडून नाही राह्यलं.”

तो हसला. मी हसले नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूनं तिला जत्रेत नेलं, गोंदणाऱ्या बाईपुढे बसवलं, दोघींनी धरून ठेवलं. सतरा वर्षांची होती. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, पाप लागतं. पण सुईनं टोचून ते अंगावर मात्र वागवायचं. हे ज्यांनी ठरवलं त्यांना यात काही विचित्र वाटलं नाही. ज्याचं नाव होतं तो त्या काळात मेहकरला पत्रकांचं प्रूफ तपासत होता.

आई माझा कागद बघत होती. तिच्या नावावर तिनं बोट ठेवलं.

“हे तुह्या हातावर काऊन?”

“तुझी आठवण म्हणून.”

“मी मेली का अजून? नाव माहं हाय. तं मह्या हातावर टाकाव.”

टॅटूवाल्यानं तेव्हा नाही केलं. या वयात कातडी पातळ असते, शाई आतल्या आत फुटते, रक्त साकळतं, आठ दिवस विचार करा म्हणाला. त्या आठ दिवसांत घरात जे झालं ते मी कधी विसरणार नाही.

बाबा आधी हसले. “लेकरं हरवतात म्हून त्याईच्या गयात चिठ्ठी बांधतात. तू हरवणार हाय का?”

मी बोलले. “तुमच्या हातावर तुमचंच नाव आहे ना बाबा? तुम्ही विसरता का ते?”

“माही गोष्ट येगळी. पोट्टेपनी जत्रेत काढलं सगळ्याईनं.”

“मग तिलाही काढू द्या.”

“लोकं काय म्हनतीन? इतक्या सालाचा संसार, आन बाई आता दुसरंच नाव लिवून फिरते.”

‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांच्या भीतीवर त्यांनी एक सबंध पत्रक काढलं होतं. मी ते कपाटातून काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, घडी घातली. “हे समाजासाठी लिवेल हाय,” ते म्हणाले. “घरातलं येगळं असते, माय.”

मला मारलं असतं तरी चाललं असतं. माझ्या बापाला समाज कळत होता, आणि आई त्या समाजात मोजलेलीच नव्हती. आयुष्यभर मी ज्याचा अभिमान धरला ती हाकसुद्धा त्यांनी स्वतःच ठेवलेल्या नावाची होती. मी आवाज चढवला, बरंच बोलले, त्यातलं काही बोलायला नको होतं. आईनं मलाच गप्प केलं. “तू काऊन भांडते? हात माहा हाय. मी जाऊन राह्यली सोमवारी.”

सोमवारी आम्ही दोघीच गेलो. टॅटूवाल्यानं आईला उभं करून हात मोकळा सोडायला सांगितला, मग मनगट फिरवायला लावलं, कारण टेबलावर सरळ वाटणारी ओळ हात लोंबता असताना वाकडी दिसते. जाड रेघ, तोडलेली शिरोरेघ, उजव्या हाताची आतली बाजू, जिथं ऊन कमी लागतं. त्यानं विचारलं, “जुनं झाकून टाकू का? त्याच्यावर एखादं पान काढता येते.”

“राहू द्या. थे आपल्या मतानं मिटत चाललं.”

मग तो कागदाचा ठसा लावायला वाकला आणि थांबला. “मावशी, कोन्या बाजूनं वाचता याव? समोरच्याले का तुमाले?”

मला हा प्रश्नच सुचला नव्हता. मी आईच्या डाव्या हाताकडे बघितलं. ते जुनं नाव समोरच्यासाठी लिहिलेलं होतं. तिच्या बाजूनं ते उलटं होतं, इतकी वर्षं.

आई म्हणाली, “मह्याकून.”

सुई चालू झाली तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. एकेक अक्षर होताना बघत होती, ओठ हलत होते. झाल्यावर मलमाखाली ते काळं, मोकळं नाव तिनं हात उचलून आपल्यापुढे धरलं आणि चौथीतल्या मुलीसारखं सुटं सुटं वाचलं. मी ते इथे लिहीत नाही. तिनं बजावलं आहे, छापायचं नाही.

खपली पडून आता चार महिने झाले. दळणाला गेली की बायका विचारतात, हे कोनाचं वं, आणि ती सांगते, माहं. समोरून कोणाला ते धड वाचता येत नाही. बाबा तिला अजून तांदळावरच्या नावानंच हाक मारतात आणि ती सवयीनं उठते. तिच्या हातावर काय आहे हे वाचायचं असेल तर त्यांना तिच्या शेजारी येऊन उभं राहावं लागेल. अजून आलेले नाहीत.