आक्काकडून डब्याविना

आक्काचं वर्षश्राद्ध उरकून मी नांदेडहून संभाजीनगरच्या बसमध्ये बसले. आईवडील गेल्यावर या थोरल्या बहिणीचं घर हेच माझं माहेर होतं. तिथून डब्याविना निघायची ही पहिलीच वेळ. दरवेळी आक्का दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचं लोणचं असं गच्च बांधायची आणि मी चिडायची, "अगं, घरी चाललेय मी, काशीला नाही." तिला सगळ्यांचं ऐकू यायचं, माझं तेवढं यायचं नाही.

आज भाचेसून दारात घुटमळली. "मावशी, श्राद्धाचं अन्न बांधून देत नाहीत ना," म्हणाली. तिचं काय चुकलं? ही रीत तिला आक्कानंच शिकवलेली. तरी मला राग आला, आणि तो नेमका कुणावर हे परभणी गेलं तरी ठरेना.

घरी वाट बघणारं कुणी नाही, हे कित्येक वर्षांपासून अंगवळणी पडलंय. पण आता मागंही कुणी उरलं नाही, हे त्या खिडकीशी बसून कळलं. फार एकटं वाटलं. रडू येईना. दुपारी पानावर बसूनही घास उतरला नव्हता, म्हणून भूक मात्र कडकडून लागली, आणि तिची लाज वाटली.

जालन्यात शेजारी एक बाई येऊन बसली. मेंढरं नवऱ्यावर सोपवून करमाडला लेकीकडे निघाली होती. गाडी सुटताच तिनं फडकं सोडलं आणि न विचारता अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

"कुठून आलात, ताई?"

"नांदेडहून, बहिणीकडून."

"आन् येवढ्या लांबच्या वाटंला बहिणीनं डबा नाय दिला?"

हे मला सोसलं नाही. आक्कानं हात आखडता घेतला असं कुणाला वाटावं?

"दिला होता की! मीच वेंधळी, तिथंच विसरले."

"आगं बया! मंग ती लई जिवाला लावून घेईल. आधी फोन करा. खाल्लं म्हनून सांगा तिला."

ती बघतच राहिली. शेवटी मी फोन काढला आणि न लावताच कानाला धरला.

"आक्का, डबा राहिला गं तिथंच. पण उपाशी नाही मी. भाकरी खातेय."

फोन मांडीवर ठेवून मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाईनं पाठीवर हात ठेवला.

"लई रागावली व्हय?"

"नाही," मी म्हटलं, आणि रडत रडत ती भाकरी संपवली.