टोमॅटोच्या बाजारातला सर्व्हर

“मॅडम, लवकर या. लोक गेट हलवायला लागलेत,” काका फोनवर म्हणाले. मागे लोखंड आदळल्याचा आवाज येत होता.

काका म्हणजे सायखेड्याच्या अलीकडच्या एका खासगी टोमॅटो बाजारात माइकवरून पुकारा करणारे गृहस्थ. कोणत्या टोकनची गाडी आत घ्यायची, हे ते सांगत. मी नाशिकला राहते. लोकांचे मंदावलेले सर्व्हर आणि डेटाबेस पुन्हा धावते करून देणं हे माझं काम. त्या बाजाराची टोकनची व्यवस्था दुसऱ्याच कोणी तरी केली होती. तो सोडून गेल्यावर ती माझ्या गळ्यात पडली. शेतकऱ्याने मोबाइलवर गाडीचा नंबर टाकायचा, टोकन मिळवायचं आणि त्या क्रमाने गाडी लिलावाला लावायची, एवढं साधं काम. पण डेटाबेसमधलं मुख्य टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, जुन्या पद्धतीचं होतं. एखादा मोठा अहवाल वाचला जात असेल, तर नवी नोंद करणाऱ्याला खोळंबावं लागे, आणि तो खोळंबला की त्याच्या मागचे सगळेच. हे बदलण्यासाठी बाजार अर्धा दिवस बंद ठेवा, असं मी मालकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, “सीझन संपू द्या, मॅडम.”

स्कूटरवरून पोहोचले तेव्हा दुपार चांगलीच तापली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रॅक्टर आणि पिकअप लागलेले. क्रेटमधला माल उन्हात मऊ पडत चाललेला. वॉचमनने मला मागच्या दाराने आत घेतलं.

सर्व्हर ऑफिसच्या मागच्या छोट्या खोलीत होता. एसी तेवढ्याच खोलीत असल्यामुळे काकांनी आपलं माइकचं टेबलही तिथेच आणून ठेवलं होतं. काकांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. “सर्व्हर डाउन आहे असं सांगून सांगून तोंड दुखलं,” ते म्हणाले. “कोणाला पटत नाही. आत टोकन विकायला काढलेत म्हणतात.”

मी लॉगिन केलं. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता. म्हणजे मशीन थकलं नव्हतं, अडलं होतं. डेटाबेसमध्ये काय चाललंय ते पाहिलं, तर एकच भलामोठा अहवाल, पुन्हा पुन्हा मागवलेला, आणि त्यामागे टोकनच्या मागण्यांची रांग. अहवाल मागवणारा कॉम्प्युटर मालकांच्या केबिनमधला होता.

मी मालकांना फोन लावला. “तुम्ही सीझनचा अहवाल उघडताय का?”

“उघडतच नाही हो. कधीचा बटण दाबतोय.”

“आता हात लावू नका त्याला,” मी म्हटलं आणि अडकलेले अहवाल एकामागून एक मारून टाकले.

रांग सुटली. पडद्यावर नोंदी भराभर खाली धावू लागल्या. बाहेर गेटापाशी मोबाइलचे टिंगटिंग आवाज सुरू झाले. काका हसले, गळ्यातला हेडफोन सावरला, माइक चालू केला आणि त्यांनी पहिल्या टोकनची गाडी पुकारली.

मला तेव्हा कळलं, काय झालंय ते. पहाटेपासून थांबलेल्या लोकांच्या मागण्या वाट पाहून केव्हाच तुटल्या होत्या. जे आत्ताच आले होते, त्यांच्याच मागण्या जिवंत होत्या. त्यामुळे पहिले नंबर त्यांना गेले. काकांनी पुकारलेली गाडी मालेगावकडची पिकअप होती आणि मी येत असताना ती माझ्या डोळ्यांदेखत रांगेच्या शेपटाला लागली होती.

“काका, थांबा, पुढचा नंबर सांगू नका,” मी म्हटलं. पण तोवर पिकअपसाठी गेट उघडलं होतं, लोक तिच्यामागे यार्डात घुसले होते आणि तिची काच फुटली होती.

खिडकीतून सगळं दिसत होतं. ड्रायव्हरला केसांना धरून खाली ओढलं. त्याचा जोडीदार चाक खोलायची टॉमी घेऊन उतरला आणि समोर जो पहिला आला त्याच्या तोंडावर त्याने ती आडवी मारली. तो माणूस दोन्ही हातांनी जबडा धरून खालीच बसला. मग कोण कोणाला मारतंय ते कळेना. क्रेट डोक्यांवर आपटत होते. फुटलेल्या टोमॅटोंचा चिखल झाला होता आणि मारणारेही त्यात घसरून पडत होते. जो पडे, त्याला उठू देत नव्हते. एक जण पोटाशी पाय घेऊन पडला होता आणि त्याच्या पाठीत लाथा बसत होत्या. लाथा घालणाऱ्यांपैकी एकाने चप्पल निसटली म्हणून थांबून ती पायात घातली आणि पुन्हा सुरुवात केली.

तेवढ्यात ऑफिसच्या जिन्यावरून मालकांचा आवाज आला. “माझा काही संबंध नाही! नंबर कॉम्प्युटरवाल्याने फिरवलेत! आत बसलाय तो!”

कॉम्प्युटरवाला. तिथे कॉम्प्युटर बघणारी मी होते आणि हे मालकांना पक्कं माहीत होतं. त्यांना मला वाचवायचं होतं की तोंडाला येईल ते बोलून स्वतःची मान सोडवायची होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

आमच्या खोलीचं दार तिसऱ्या धडकेला मोडलं. आत शिरलेल्यांना काय दिसलं? पडद्यासमोर गळ्यात हेडफोन घातलेला पुरुष आणि बाजूला उभी असलेली एक बाई.

“हाच तो!”

काकांना खुर्चीसकट पाडलं. पहिली लाथ कानावर बसली. मी मध्ये घुसले. “अहो, कॉम्प्युटर मी बघते! मी! त्यांना सोडा!”

निळ्या शर्टातल्या एकाने मला दंडाला धरून भिंतीशी सारलं. “ताई, तुम्ही बाजूला व्हा. बाईच्या अंगाला हात लावायचा नाय आम्हाला,” असं तो अगदी नीट बोलला आणि वळून त्याने काकांचे केस धरले. त्यांचं डोकं तो टेबलाच्या कडेवर आपटायला लागला. माइक चालूच होता. प्रत्येक दणक्याचा आवाज यार्डातल्या भोंग्यांतून घुमत होता आणि त्याच्या मागोमाग काकांचं “आई गं, आई गं.”

सर्व्हरच्या रॅकची एक सुटी लोखंडी पट्टी कोपऱ्यात उभी होती. मी ती उचलली आणि निळ्या शर्टाच्या खांद्यावर मारली. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणून दुसरी मारली, ती वळतावळता कपाळावर बसली. कातडी उघडी पडलेली दिसली, मग रक्त आलं. काकांचे केस त्याच्या मुठीतून सुटले. मी पट्टी पुन्हा उगारली होती. कोणी तरी मागून ती धरली, नाही तर मी आणखी मारलं असतं. मला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

बाहेर भोंग्यांतून म्हाताऱ्या माणसाचं रडणं ऐकून बरेच जण थबकले होते. मग पोलिसांची गाडी आली आणि गर्दी शेतांमधून पांगली.

काकांना आणि बाकीच्या जखमींना नाशिकला सिव्हिलमध्ये नेलं. काकांच्या गालाचं हाड मोडलं होतं, डाव्या कानाचा पडदा फाटला होता. निळा शर्ट शेजारच्याच खाटेवर कपाळाला टाके घालून घेत होता. हवालदाराने त्याला विचारलं, “हे कशाने लागलं?”

“घसरून पडलो साहेब. खाली लय चिखल होता.”

“मी मारलं,” मी म्हटलं.

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही घाबरल्या आहात. पाणी प्या.”

“घाबरलेले नाही. लोखंडी पट्टीने मारलं.”

“साहेब, ह्या नव्हत्याच तिथं,” निळा शर्ट म्हणाला. हवालदाराने घसरून पडल्याचंच लिहिलं आणि तो पुढच्या खाटेकडे गेला.

मग निळा शर्ट दबक्या आवाजात मला म्हणाला, “बाईनं फोडलं म्हणून गावात सांगू का? तुम्ही कशाला सांगत फिरता?”

“तुम्ही ज्यांना मारलंत त्यांनी कॉम्प्युटरला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही. ते फक्त माइकवर बोलतात.”

“मग कॉम्प्युटरवालं कोण हाय?”

“मी. केव्हाची ओरडत होते.”

मग मी त्याला सगळं समजावलं. मालकांचं बटण, खोळंबलेल्या नोंदी, तुटलेल्या मागण्या. शेती करणारा माणूस, पण त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाला, “म्हंजे नंबर कोणी फिरवलेच नव्हते?”

“नाही.”

तो काकांच्या खाटेकडे बघत राहिला. त्याने माफी मागितली नाही. मीही मागितली नाही. थोड्या वेळाने पोलीस त्याला घेऊन गेले.

मालकांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. सर्व्हरचा डबा चेपलाय पण मशीन चालू आहे, टोकन कधी सुरू करता? मी गेले. आधी कीबोर्डवरचं वाळलेलं रक्त ओल्या फडक्याने पुसलं. बाजार त्यांना बंद ठेवावाच लागला होता, त्या वेळात डेटाबेसमधलं ते जुनं टेबल बदललं, अहवालांसाठी डेटाबेसची वेगळी प्रत केली आणि एका माणसाला एका वेळी एकच अहवाल मागवता येईल असं करून ठेवलं. पासवर्ड मालकांच्या हातात दिले आणि सांगितलं, पुन्हा बोलावू नका.

काका परत माइकवर बसले नाहीत. आता पंचवटीत मुलीकडे असतात. मी गेले की उजव्या बाजूला बसवतात, म्हणजे ऐकू येतं. एकदा मी त्यांना म्हटलं, “काका, मला त्याला आणखी मारायचं होतं. तुम्ही सुटल्यावरही.”

“पाहिलं मी,” ते म्हणाले. “तुमच्याकडे बघून मी डोळे मिटले होते.”

आत मुलगी चहा गाळत होती. काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला, इतका की शेजारून भिंतीवर थाप आली.